परसातलं वर्कशॉप आणि आठ फुटी प्लायवूड

घरामागे उत्तरेला जी मोकळी जागा आहे तिथे सुतारकामासाठी पत्र्याची शेड घालायची, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. अडलं होतं ते मापांवर. सांगलीत शामरावनगरला राहायचं म्हणजे काळी माती, पावसात साचणारं पाणी आणि कृष्णेचा पूर, हे तिन्ही गृहीत धरूनच वीट ठेवायची. त्यात माझं सामान म्हणजे एक कटर टेबल, रंधा मशीन, उभं ड्रिल, अण्णांच्या हातचं सहा फुटी बेंच आणि कुठल्याही कोपऱ्यात न मावणारी लाकडं. आतून १२ बाय १६ फूट एवढीच शेड बसणार होती. नोकरी पतसंस्थेतली, म्हणजे दिवसभर आकडे, पण नकाशा काढायचा तर शाळेतल्या भूमितीनंतर हातात पेन्सिल धरली नव्हती.

सुरुवात आलेखाच्या वहीवरच केली. एका चौकोनाला अर्धा फूट धरला, मशिनांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि ते सरकवत बसलो. ज्यांना एकदाच काय ते ठरवायचंय त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं साधन नाही, हे मी आजही म्हणेन. पण पुठ्ठ्याला उंची नसते. शटर वर गुंडाळलं की त्याचा ड्रम कुठे येतो, उतरत्या पत्र्याखाली खालच्या बाजूला किती उंची उरते, टेबलाच्या पातळीला खिडकीची चौकट येते का, यातलं काहीच वहीत दिसत नव्हतं. अण्णा मागून येऊन म्हणाले, "काय बघायलास एवढं? चुना आण, जमिनीवर आखू." तेही आम्ही केलं. पावसाची एक सर आली आणि वर्कशॉप वाहून गेलं.

मग सॉफ्टवेअर. ज्याला विचारावं तो आपण जे वापरतो तेच सांगतो. ऑफिसातल्या एकाचा मुलगा सिव्हिलला आहे, त्याचं उत्तर एका शब्दात आलं : ऑटोकॅड. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं, मला नाही, आणि एका शेडसाठी त्याचं वर्गणीचं शुल्क भरणं म्हणजे शेडच्या पत्र्याचे पैसे तिकडे घालणं. भाची वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला आहे. तिने फ्रीकॅड लावून दिलं. २००२ पासून लोक ते घडवताहेत, २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली, आणि सगळं मोफत. त्याची गंमत अशी की भिंतीची लांबी म्हणून जो आकडा दिलाय तो बदलला, की त्यावर बेतलेलं बाकी सगळं आपोआप बदलतं. पण त्यासाठी आधी कशावर काय बेतलंय हे नीट बांधून द्यावं लागतं. भाचीला ते भराभर जमत होतं. मला मात्र एक दार बसवताना भिंत नाहीशी होत होती. ते शिकण्यासारखं आहे यात शंका नाही. उद्या एखादं जिग (काम नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा) किंवा मशिनचा भाग काढायचा झाला तर मी त्याच्याकडेच जाईन. शेड काढायला नाही.

लिबरकॅड अगदी हलकं आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही लोण्यासारखं चाललं. सरळ रेघा, मापं, थर, सगळं जागच्या जागी. ते कागदाचंच काम करतं, फक्त खोडरबर न झिजवता. उंचीचा माझा प्रश्न मात्र तिथेही तसाच राहिला.

स्केचअपने खरा मोह घातला. चौकोन काढायचा, धरून वर ओढायचा, की खोली तयार. कुणालाही पहिल्याच बैठकीत आपण आर्किटेक्ट झालो असं वाटावं इतकं ते सोपं आहे. माझा एक मित्र जुन्या काळातलं, कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेलं स्केचअप अजून वापरतो. ते आधी गूगलकडे होतं, २०१२ मध्ये ट्रिंबल कंपनीने घेतलं, आणि डेस्कटॉपवर फुकट चालणारी शेवटची आवृत्ती २०१७ ची. आता घरगुती वापरासाठी जे मोफत आहे ते ब्राउझरमध्ये चालतं. आमच्याकडे लाईट गेली की वायफाय जातं, आणि वायफाय गेलं की शेड गेली. शिवाय त्यात प्रत्येक वस्तूचा वेगळा गट करून ठेवावा लागतो. तो केला नाही तर बेंच भिंतीला चिकटतं आणि बेंच हलवलं की भिंतही ताणली जाते. सवय असलेल्याला हे काहीच वाटणार नाही. मला मात्र रात्री जेवणं झाल्यावर मिळणाऱ्या तासाभरात सवय लावून घ्यायची नव्हती, शेड काढायची होती.

शेवटी स्थिरावलो ते स्वीट होम थ्रीडीवर. नावावरून ते सोफा आणि पडदे मांडायचं वाटतं, आणि मुळात ते आहेही तेच. म्हणूनच त्याच्याकडे आधी वळलो नव्हतो. पण माझ्या गरजेला ते नेमकं पडलं. वरच्या अर्ध्या पडद्यावर आराखडा, खाली तेच चित्र उभं. वर मशीन सरकवलं की खाली सरकतं. भिंत काढताना एंटर दाबून लांबी सरळ टाइप करता येते. इंटरनेट लागत नाही. आणि मापं फूट-इंचात लावली की इंचाचे आठवे भाग दाखवतं, म्हणजे थेट सूत. आमच्याकडे गवंड्यापासून वेल्डिंगवाल्यापर्यंत सगळे इंच आणि सुतातच बोलतात. सेंटिमीटरातला नकाशा त्यांच्यापुढे ठेवला तर ते मान डोलावतात आणि मग स्वतःच्या टेपने त्यांना हवं तेच करतात.

त्याच्या यादीत कटर टेबल अर्थातच नाही. पण साधी पेटी आहे. तिला लांबी, रुंदी, उंची आणि जमिनीपासूनचं अंतर द्यायचं, नाव बदलायचं, झालं मशीन. माझं पूर्ण वर्कशॉप अशा रंगीत पेट्यांचं आहे. दिसायला केविलवाणं आहे, पण मापाला पक्कं.

खरा उपयोग झाला तो एका पेटीचा, जी मशीन नव्हतीच. आठ फूट बाय चार फूट, जाडी सहा सूत, जमिनीपासून ३४ इंचांवर तरंगणारी : प्लायवूडची पूर्ण शीट. तोवर मी मशिनं कुठे ठेवायची याचाच विचार करत होतो. ती शीट कटर टेबलावर ठेवून माउसने पुढे ढकलली आणि लक्षात आलं की जागा मशिनाला लागतच नाही, फळीला लागते. आठ फुटी शीट उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट हवेत आणि पलीकडे आठ फूट. सोळाच्या सोळा फूट फळीनेच खाल्ले. मी उभा कुठे राहणार?

शेड लांबीला पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेला शटर, कारण घराच्या बाजूच्या बोळातून माल तिकडूनच येतो. शटर उघडं ठेवून काम करता आलं असतं, पण जून ते सप्टेंबर ते शक्य नाही. पूर्वेच्या भिंतीबाहेर कंपाउंडपर्यंत साडेतीन फुटांची मोकळी पट्टी आहे, तिचा काही उपयोग नव्हता. मग त्या भिंतीत टेबलापेक्षा एक इंच खाली एक आडवी फट काढली : साडेचार फूट रुंद, फूटभर उंच, आतून कडी लागणारं फळीचं झाकण. पातं पूर्वेच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर आणलं. आता कापलेली शीट फटीतून बाहेर डोकावते, कंपाउंडला लागत नाही, आणि मागे मला उभं राहायला अडीच फूट मिळतात. शटर बंद ठेवून. हे मला आलेखाच्या वहीत सुचलं नसतं, कारण पुठ्ठ्याच्या तुकड्यांत फळीचा तुकडा कापायचं कुणाच्या डोक्यात येतं?

मशिनांची मापं घ्यायचं काम चिरंजीवांकडे दिलं होतं. त्याने वहीत सगळं नीट लिहिलं, पण बेंचसमोर आकडा होता पाच फूट सव्वाअकरा इंच. अण्णा भडकले. ते कुपवाडच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते, उभा जन्म लाकडाचे साचे करण्यात गेला, आणि सहा फूट म्हणून केलेलं बेंच पाऊण इंच कमी भरतं हे त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं. "कुठल्या पट्टीनं मापलंस रं?" पोराने ड्रॉवरमधली पोलादी पट्टी आणून दाखवली आणि अण्णा हसायला लागले. ती त्यांची फाउंड्रीतली पट्टी होती. बिडाचा रस थंड होताना आकसतो, म्हणून लाकडी साचा तेवढाच मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब नको म्हणून पट्टीच मोठी असते, तिचा प्रत्येक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. तिने मापलं की प्रत्येक वस्तू तेवढी लहान भरते. सहा फुटाला सहा सूत, म्हणजे बरोबर पाऊण इंच. पट्टीवर हे बारीक अक्षरांत कोरलेलंही आहे, पण ते वाचायला भिंग लागतं. मग स्टीलच्या टेपने सगळं पुन्हा घेतलं. सॉफ्टवेअर दिलेल्या आकड्यावर कधी शंका घेत नाही. अण्णा घेतात.

उन्हाचं प्रकरण मी थोडं हौसेने लांबवलं. आराखड्याच्या कोपऱ्यात एक होकायंत्र असतं. त्यावर दोनदा क्लिक केलं की गावाचे अक्षांश-रेखांश आणि उत्तर दिशा देता येते. सांगली साधारण १६.८५ अंश उत्तरेला. मग तारीख आणि वेळ देऊन फोटो मागायचा, म्हणजे त्या वेळचं ऊन कुठे पडेल ते दिसतं. वरच्या दर्जाचा फोटो मागितला तरच ऊन-सावली येते, आणि माझ्या लॅपटॉपला त्यासाठी चहा होऊन कपबशा विसळेपर्यंतचा वेळ लागतो. सावल्या स्केचअपमध्येही दिसतात आणि झटपट दिसतात, तेवढा मान त्याला द्यायला हवा.

मेच्या मध्यावर दुपारी चारला शटरमधून ऊन आठ-नऊ फूट आत आलेलं दिसलं. म्हणून पश्चिमेला चार फुटांची पडवी काढायचं ठरवलं. पाचचा फोटो काढला, तर पडवी असूनही ऊन जवळजवळ पूर्वेच्या भिंतीपर्यंत. कलता सूर्य पडवीला जुमानत नाही. मग चार फुटांचा हट्ट कशाला? द्राक्षाच्या रोपांवर घालतात तसलं हिरवं शेडनेट शटरला टांगायचं आणि पाचनंतर खाली सोडायचं, एवढ्यावर भागलं.

उत्तरेच्या खिडक्यांतून सबंध वर्ष थंड, सारखा उजेड मिळेल अशी माझी समजूत होती. सगळीकडे तसंच सांगतात. जूनचा फोटो काढला, तर उत्तरेच्या खिडकीखाली बेंचवर उन्हाचा पट्टा. आधी वाटलं होकायंत्र उलटं लागलं. अण्णा म्हणाले, "मिरगात दिवस उत्तरेकडनंच जातोय की." बरोबर होतं. आपल्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेच्या अंगालाच असतो. त्यात जूनमध्ये आभाळ भरलेलं असतं म्हणून ते जाणवत नाही. जिथे उत्तरेची खिडकी कायम सावलीत असते असं लिहितात तो सल्ला कर्कवृत्ताच्या वरचा. आमच्या खिडकीवर मग नऊ इंचांचा छज्जा वाढवला.

आता पुराचं. सांगलीत पाऊस वाढला की माणसं आधी एकच विचारतात : आयर्विनला, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी, किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या परसात पाणी चार फूट होतं. कंपाउंडच्या भिंतीवर त्याची गढूळ रेघ अजून आहे, रंग दिला तरी ओल धरून ती वर येते. शेडचं जोतं दोन फूट घ्यायचं ठरलं होतं. म्हणजे तसं पाणी पुन्हा आलं तर आत दोन फूट. स्वीट होममध्ये शेडच्या मापाची, दोन फूट उंचीची एक निळी पेटी केली आणि जमिनीवर ठेवून दिली. निळ्यातून जे वर डोकं काढतं ते वाचलं, जे दिसत नाही ते बुडालं. कटर टेबलाची मोटर दिसेना. कॉम्प्रेसर दिसेना. बेंचखालचे ड्रॉवर, ज्यात अण्णांच्या पटाश्या आहेत, ते सगळे आत.

या एका पेटीने बऱ्याच गोष्टी जागच्या जागी ठरल्या. सगळे प्लग जमिनीपासून चार फुटांवर, बोर्ड त्याहून वर. मोटर चार बोल्टवर, पाना लावून काढता येईल अशी, आणि तिच्यासाठी पाच फुटांवर लोखंडी मांडणी. पटाश्या ड्रॉवरमधून भिंतीवर. खाली चार फूट विटांची भिंत, वर पत्रा, कारण पाणी ओसरल्यावर वीट धुता येते. वर्कशॉपच्या आराखड्यांची जी चित्रं लोक दाखवतात त्यांत ड्रॉवर सगळे खालीच असतात. त्या लोकांच्या दारात कृष्णा येत नाही.

पायाबद्दल सॉफ्टवेअर गप्प. ते जमीन म्हणजे हिरवा गालिचा समजतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वरचं बांधकाम हलवते. गवंड्याने चित्र न बघताच सांगितलं, मुरूम लागेस्तोवर खणायचं, मग बोलू.

आराखडा छापून फॅब्रिकेटरकडे घेऊन गेलो. स्वीट होममधून पीडीएफ निघते, तिच्यावर मापं घातलेली. त्याने कागद टेबलावर पसरला, वर वेल्डिंगच्या काड्यांचा पुडा ठेवला. "दादा, चित्र झ्याक हाय. पर पाइप वीस फुटाचाच येतोय." मला कळेना. त्याने खडूने फरशीवरच दाखवलं. शेड आतून १६, दोन बाजूंच्या नऊ इंची भिंती धरून साडेसतरा, त्यावर माझी चार फुटांची पडवी, म्हणजे आडवे पाइप साडेएकवीस फुटांचे. प्रत्येक पाइपला दीड फुटाचा तुकडा जोडायचा, तिथे वेल्ड, तिथेच पुढे गंज. पडवी अडीच फूट केली तर पाइप अखंड. पडवी चारवरून खाली आणायला माझी ना नव्हतीच, ऊन बघून मन आधीच तयार झालं होतं. घरी येऊन आकडा बदलला, चारचा फोटो पुन्हा काढला. ऊन दारातून सात फुटांपर्यंत येत होतं, बेंच त्याच्या पुढे. चालतंय.

उतारही त्यानेच बदलला. एकपाखी छत, दक्षिणेला ११ फूट, उत्तरेला साडेनऊ. स्वीट होममध्ये भिंतीच्या दोन टोकांना दोन उंच्या देता येतात, त्यामुळे बाजूच्या भिंती छान तिरप्या झाल्या. छत मात्र तिथे सरळ काढता येत नाही. मी एक पातळ पेटी तिरकी करून वर ठेवली होती आणि तीही नेमकी जुळत नव्हती. त्याला त्याची गरजच नव्हती. त्याने विचारलं ते एवढंच, की पत्रा चौदा फुटी की पंधरा? खालच्या बाजूला पागोळ्या भिंतीपासून दूर पडायला हव्यात म्हणून चौदा फुटी पत्रा आणि पन्हळ. तिरक्या पाइपांचेही चौदा फुटी तुकडे, त्यामुळे प्रत्येकी सहा फूट उरणार. ते भंगारात घालू नका, लाकडं ठेवायच्या रॅकचे हात त्यातूनच काढा, असं सांगून आलो. रॅकची पेटी मी मग सहा फुटांच्या हिशोबाने पुन्हा काढली.

महापालिकेच्या परवानगीसाठी हे चित्र चालत नाही, ते लायसन्स असलेल्या माणसाकडूनच काढून घ्यावं लागतं. आमच्या आर्किटेक्टने पीडीएफ समोर ठेवून ऑटोकॅडमध्ये स्वतःचा नकाशा काढला, हद्दीपासूनची अंतरं तपासली. एक मात्र झालं. लोक त्याच्याकडे "एक शेड पाहिजे" म्हणत येतात आणि मग महिनाभर बदल सांगत राहतात. आमचं त्याच्याकडचं काम एका बैठकीत उरकलं. पूर्वेच्या भिंतीतली ती आडवी फट बघून त्याने हे काय म्हणून विचारलं. मी लॅपटॉप उघडून प्लायवूड फटीतून बाहेर ढकलून दाखवलं. त्याने ती नकाशात खिडकी म्हणून दाखवली.

वायरिंग या सॉफ्टवेअरमध्ये काढण्याचा नाद मी केला नाही. आराखड्याचा एक मोठा प्रिंट काढला, त्यावर अण्णांनी लाल पेन्सिलीने प्लग, दिवे, मशिनांचं वेगळं सर्किट आणि अर्थिंगचा खड्डा दाखवला. वायरमनने तो कागद मोबाइलमध्ये टिपला, कटरची मोटर किती एचपीची ते विचारलं आणि दीड ऐवजी अडीच एमएमची वायर लिहून घेतली.